तिसरी चावी

“आत्या, ती चावी आहे. तिने नारळ फोडायचा नसतो.”

आत्याने हातातलं लोखंड उलटसुलट करून पाहिलं. हातभर लांब, कोपरात दुमडल्यासारखा वाकलेला दांडा आणि टोकाला चौकोनी भोक.

“चावी? ह्यां?” ती म्हणाली. “मगे कुलूप केवढां म्हणायचां!”

आणि तिने दुसरा घाव घातला. नारळ मधोमध फुटला, पाणी वाटीत पडलं, एक थेंब वाया गेला नाही. आत्याला बोलण्यात हरवणारं माणूस आमच्या कोकणातल्या मिठमुंबरीत अजून जन्माला यायचं होतं.

तिचा प्रश्न मात्र बरोबर होता. कुलूप खरंच केवढंतरी होतं. त्या वर्षी मी आणि माझा नवरा निनाद इंग्लंडातल्या एका कालव्यावर राहत होतो, एका लांबलचक, अरुंद लोखंडी बोटीत. कालव्याला उतार लागला की तिथे पाण्याच्या पायऱ्या असतात. एक पायरी म्हणजे एक खोल दगडी हौद, त्याच्या दोन्ही तोंडांना जाडजूड लाकडी दरवाजे. बोट हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, पुढच्या दरवाजांतल्या झडपा उघडायच्या. पाणी खाली उतरतं, त्याच्याबरोबर बोट उतरते, मग पुढचे दरवाजे उघडून बाहेर पडायचं. याला तिथे लॉक म्हणतात. निनाद नाशिकचा, शब्दांशी खेळायची त्याला भारी खोड. त्याने पहिल्याच दिवशी लॉकचं कुलूप केलं आणि झडपा फिरवायच्या दांड्याची चावी. मागच्या दरवाजांखाली, पाण्याच्या आत, एक दगडी पायथा पुढे आलेला असतो. त्याचं नाव त्याने ठेवलं उंबरा.

आत्या आली तेव्हा निनादने तिला बोटीवरची एकेक वस्तू दाखवली होती, पुजाऱ्याने देव दाखवावेत तशी. हे दोर. हे काठावर ठोकायचे खुंटे आणि हा हातोडा. हे आग विझवायचं. शेगडीतून विषारी वायू सुटला तर हा डबा बोंबलतो. ही तरंगायची जाकिटं, प्रत्येकाला एक. आणि या तीन चाव्या, एक त्याची, एक माझी, आणि तिसरी इथे मागच्या पायऱ्यांजवळ हुकाला, कारण चाव्या पाण्यात पडतात.

“बोटीवर बाकी काही नसलं तरी चालेल, आत्या,” तो म्हणाला, “पण तिसरी चावी पाहिजेच.”

“आणि खोबरां कशार किसतास?” आत्याने विचारलं.

विळी तिने घरूनच आणली होती. तरंगायच्या जाकिटाची तिने गुडघ्याखाली घ्यायची उशी केली. तिचा उजवा गुडघा बदललेला होता, पायरी चढायची तर आम्हा दोघांना मिळून तिला वर घ्यावं लागे. उंबऱ्याबद्दल मात्र तिने कान देऊन ऐकलं. उतरताना बोटीचं मागचं टोक उंबऱ्याच्या पुढेच ठेवावं लागतं, काठावर त्यासाठी पांढरी रेघ मारलेली असते, आणि बोट जर मागे सरकून उंबऱ्यावर बसली तर पाणी खाली जातं पण बोटीची पाठ वरच राहते, असं निनादने हाताने करून दाखवलं.

“उंबऱ्यार बसूच नये,” आत्या म्हणाली. “घरात काय नि पाण्यात काय.”

त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट विचारली होती. सगळं पाहून झाल्यावर ती बाकावर बसली, शेगडीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, खिडकीतल्या माझ्या कोथिंबिरीकडे पाहिलं, आणि म्हणाली, “दर्शू, ह्यां घर काय होडी?”

“घरच की गं.”

“नक्की?”

“आमचं दुसरं घर आहेच कुठे?”

“मगे बरां,” ती म्हणाली आणि कमरेचा चाव्यांचा जुडगा चाचपून तिने पदर खोचला. मला वाटलं, म्हातारं माणूस, परक्या मुलखात आलंय, काहीतरी विचारायचं म्हणून विचारतंय.

तो जुडगा मी लहानपणापासून तिच्या कमरेला पाहत आले होते. मिठमुंबरीच्या आमच्या घराच्या चाव्या. आई मी जन्मले त्याच वर्षी गेली. बाबा होडीवरचे तांडेल होते, मी सहा वर्षांची असताना दर्यावर गेले ते आलेच नाहीत. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती, तिने मला वाढवलं. समुद्राचं मला फारसं काही आठवत नाही, पण भीती राहिली. खोल पाणी दिसलं की मी मागे सरायचे. निनादने बोटीवर राहायचं काढलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. मग त्याने मला कालव्याच्या काठाशी नेलं, एक लांब काठी पाण्यात खुपसली आणि ओली झालेली बाजू माझ्या कमरेला लावून दाखवली. एवढंच पाणी. बुडायचं ठरवलं तरी बुडता येणार नाही. म्हणून मी तयार झाले. कुलपांचं त्याने नंतर सांगितलं.

त्या सकाळी, नारळ फोडून झाल्यावर, मी जुडग्याचा विषय काढला. बोटीतली वाट अरुंद, जुडगा सारखा कशाला ना कशाला अडकायचा, आदल्या दिवशी तर शेगडीच्या दाराच्या कडीत अडकून ती पडता पडता वाचली होती.

“आत्या, त्या चाव्या माझ्याकडे दे. खणात ठेवते.”

“तुका कित्याक व्हयी माजी चावी?”

“अगं, मला नकोय. अडकतात म्हणून...”

“माज्या कमरेर माका अडचण नाय. तुका कसली ती?” तिचा आवाज चढला. “सुरेश्यान फोन केल्यान काय तुका?”

सुरेश माझा चुलतभाऊ. घर विकून टाकावं म्हणून तो तिच्या मागे लागला होता. मला त्याचा फोन आला नव्हता, पण आता कितीही शपथा घेतल्या तरी तिने ऐकलं नसतं. ती विळीवर बसून खोबरं किसायला लागली, जरा जास्तच जोरात. मी बाहेर आले आणि सुकाणूशी उभी राहिले.

ऑक्टोबरातली सकाळ होती. कालव्यावर धुकं आणि पाण्यावर पिवळी पानं. पुढे उतरती तीन कुलपं होती. पहिल्यात मी बोट नीट आत घेतली, पांढऱ्या रेघेच्या पुढे. इंजिन बंद केलं नाही, नुसतं मोकळं ठेवलं. डेकवरून काठावर उतरले. निनादने मागचे दरवाजे लावले.

“मी पुढचं कुलूप भरून ठेवतो, म्हणजे थांबायला नको,” तो म्हणाला. “हे तू करशील ना एकटी?”

मला करायचं नव्हतं. मी आजवर एकटीने एकही कुलूप उतरवलं नव्हतं. पण आत्याशी नुकतीच कुरबूर झालेली, त्यात घाबरले म्हणून सांगायचं म्हणजे नवऱ्यासमोरही मान खाली. मी हो म्हटलं. तो आपली चावी खांद्यावर टाकून वळणापलीकडे दिसेनासा झाला.

मी पुढच्या दरवाजांकडे गेले. तिथल्या झडपा फिरवायच्या म्हणजे जीव काढणारं काम. जितके फेरे उघडायला, तितकेच बंद करायला, सोडून दिली आणि धपकन खाली आली असं तिथे होत नाही. मी या बाजूची झडप उघडली. दरवाजावरच्या अरुंद फळीवरून, खाली न बघता, पलीकडे गेले आणि दुसरी उघडली. दरवाजांच्या पलीकडच्या अंगाला पाणी उसळून बाहेर पडायला लागलं. तो आवाज मला कधीच सहन झाला नाही. कुणीतरी खूप मोठं तोंड धुतंय असा तो आवाज. मी हौदाकडे पाठ करून उभी राहिले. भिंत ओली होत खाली खाली दिसायला लागते, शेवाळाने काळी, ते मला बघवत नसे.

किती वेळ गेला कोण जाणे. आधी भांडी पडल्याचा आवाज आला. मग इंजिनाचा सूर बदलला, दमेकऱ्याच्या श्वासासारखा झाला. आणि मग आत्याची हाक.

“दर्शूऽ! घर वाकडां झाला गो!”

मी वळले. बोटीचं पुढचं टोक पाण्यात नाक खुपसून होतं आणि मागचं टोक वर. बोट सरकून पार मागच्या दरवाजांना टेकली होती, पांढऱ्या रेघेच्या कितीतरी मागे. ती उंबऱ्यावर बसली होती. पाणी खाली चाललं होतं आणि बोट त्याच्याबरोबर येत नव्हती.

निनादने हे हाताने करून दाखवलं होतं, पण हात केव्हाही सरळ करता येतो. आमची अख्खी बोट, शेगडी, पलंग, पुस्तकं, आणि आत माझी आत्या, हळूहळू उभी होत होती. पुढच्या दाराच्या उंबरठ्यापर्यंत पाणी आलं की ते आत शिरणार. एकदा शिरायला लागलं की लोखंडाची बोट किती वेळात जाते ते मी ऐकून होते. हूं की चूं करायला वेळ मिळत नाही.

“बाहेर ये! मागे ये, वर ये!” मी ओरडले आणि ओरडतानाच मला कळलं की ती येऊ शकत नाही. गुडघा तिला वर येऊ देणार नव्हता. आणि आलीच तर मागचं टोक आणि भिंत यांच्यात मांडीएवढी फट होती, आणि बोट केव्हा सुटून खाली आदळेल त्याचा नेम नव्हता. लटकलेल्या बोटीवरून कुणालाही उतरवू नये, आधी पाणी थांबवावं, हे निनादने मला सतरांदा बजावलं होतं.

मी चावी लावून जवळची झडप फिरवायला घेतली. चावी दोनदा निसटून माझ्याच मनगटावर आपटली. फिरवता फिरवता मी काय काय म्हणत होते ते आठवत नाही, कदाचित देवाचं नाव घेतलं असेल, कदाचित निनादला शिव्या दिल्या असतील. ती झडप बंद झाली. आता पलीकडची. मी फळीवर चढले आणि या वेळी खाली पाहिलं.

पाहू नये ते पाहिलं. काळं पाणी, त्यात घुसलेलं आमच्या बोटीचं नाक, आणि पाण्यावर गरगर फिरणारी माझी कोथिंबिरीची कुंडी. तोल सावरायला मी दरवाजाचा कठडा धरला आणि चावी हातातून गेली. डुबुक. बस, एवढाच आवाज.

“निनाद!” मी किंचाळले. “निनाऽद!” पाण्याच्या त्या धबधब्यात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

एक झडप अजून उघडीच होती. पाणी आता सावकाश उतरत होतं, पण उतरत होतं. तिसरी चावी बोटीत होती.

मी काठाने धावत बोटीच्या मागच्या टोकापाशी आले. आत्या कशीबशी मागच्या दारापर्यंत आली होती, पायऱ्यांच्या कठड्याला लोंबकळून. तिचं डोकं आणि खांदे तेवढे बाहेर दिसत होते. केसांत किसलेलं खोबरं. चेहरा पांढराफटक.

“आत्या, चावी!” मी ओरडले. “चावी टाक! चावी! चावी!”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पसरलेल्या हातांकडे. तिच्या चेहऱ्यावरची भीती एकदम ओसरली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या क्षणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरं वाटलं, की हिला समजलं. तिने एक हात कठड्यावरून सोडला, कमरेला नेला आणि जुडगा काढून माझ्या पायाशी फेकला. तो गवतात खळ्ळकन पडला.

मग ती वळली आणि आत गेली. घाई नाही, हाक नाही. दारातून मला दिसलं, ती पायरीवर बसली, पदर नीट केला आणि हात मांडीवर ठेवले.

“ही नाही!” माझा आवाज फाटला. “आत्या, ही नाही गो! आत्या!”

ती हलली नाही. बोट करकरली, आणखी थोडी कलली, आणि आतून काचा फुटल्याचा आवाज आला. पुढे कुठेतरी पाणी आत पडायला लागलं होतं. घागर पालथी करावी तसा तो आवाज. मी गुडघ्यांवर बसले आणि काय बोलावं ते मला सुचेना. दुसरा शब्दच नव्हता. चावीला आम्ही चावीच म्हणायचो. आणि मग लहानपणीची, विसरलेली, शाळेत मास्तरांनी छड्या मारून घालवलेली माझी भाषा आपोआप तोंडात आली.

“नारळ फोडलंस ता! आत्या! ज्या लोखंडान नारळ फोडलंस, ता दी माका! ता लोखंड!”

मग तिचं डोकं वर आलं.

“ता व्हया?” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात चक्क राग होता. “मगे तसां सांग ना मेले!”

ती आत गेली. लोखंड हुकाला नव्हतंच, नारळ फोडून तिने ते मोरीत टाकलं होतं. आणि मोरी आता तिरकी झाली होती. मला ती दिसेना. आतून सामान घसरल्याचे आवाज येत होते आणि त्यामधून तिचं बडबडणं. मी एकेक आवाज कानात प्राण आणून ऐकत होते. एकदा काहीतरी जड पडलं आणि बडबड थांबली. “आत्या!” उत्तर नाही. मी भिंतीच्या कडेला पालथी पडून हात खाली सोडला. निनादचं बजावणं गेलं खड्ड्यात, मी आता उतरणारच होते.

तेवढ्यात दारातून लोखंड बाहेर आलं आणि त्यामागून तिचा हात. ती रांगत होती. तिने ते माझ्या हातात दिलं. फेकलं नाही, दिलं.

मी धावले. फळीवरून कशी गेले ते मला आजही सांगता येणार नाही. झडप फिरवली, फिरवली, फिरवली. पाण्याचा आवाज बारीक झाला आणि थांबला. इतकी शांतता झाली की दूर कुठेतरी गाय हंबरलेली ऐकू आली.

मग मागच्या, वरचं पाणी अडवणाऱ्या दरवाजांकडे आले. तिथली झडप चार बोटं उघडली, त्याहून जास्त नाही. पाणी आत यायला लागलं. बोट तशीच लटकून होती, आणि मला वाटलं, ही आता अशीच राहणार, पाणी वर येईल आणि पुढच्या दारातून आत जाईल आणि आपणच हिला आपल्या हाताने बुडवलं असं होईल. ते थोडे क्षण सगळ्यात वाईट. मग बोटीच्या पोटातून एक लांब कण्हणं आलं, मागचं टोक हललं, सुटलं, भिंतीवर आदळलं, आणि बोट पाण्यावर सरळ झाली. डावी-उजवीकडे डोलली आणि थांबली. खिडकीतून आत्या दिसली. तिने दोन्ही हातांनी शेगडीचा नळ धरला होता.

निनाद धावत आला तेव्हा मी काठावर बसून रडत होते. त्याने मागच्या डेकवर उडी मारून आधी इंजिन बंद केलं. गिअरचा दांडा थोडासा मागे होता, तो म्हणाला, म्हणून बोट आपली आपण मागे सरकली. तो दांडा मी पुरता मधे आणला नव्हता, की आत्याने आधी कधीतरी मागे येऊन आधाराला धरला होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. आम्ही तिला विचारलंही नाही.

आम्ही दोघांनी मिळून तिला वर काढलं आणि दरवाजाच्या लांब लाकडी दांड्यावर बसवलं. कपाळाला टेंगूळ आलं होतं, दुसरं काही नाही. निनाद आत पंप चालू करायला गेला. पुढच्या खोलीत घोट्याएवढं पाणी झालं होतं आणि स्वयंपाकघरात सगळीकडे खोबरं.

मी गवतातून जुडगा शोधून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. मला आता हसू येत होतं, रडण्यानंतर येतं तसं.

“काय गं तू! मी चावी मागते आणि तू घराच्या चाव्या देतेस! सकाळी मागितल्या तेव्हा नाही दिल्यास.”

ती हसली नाही. तिने जुडगा उचलून परत माझ्या हातात ठेवला.

“सकाळी ह्यां घर होतां,” ती म्हणाली. “मगे होडी झाली.”

“म्हणजे?”

“तुका म्हायत नाय? मगे वरडलंस कशी?”

मला काही कळेना. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला हळूहळू कळलं की मला खरंच काही आठवत नाहीये.

“घराची चावी दर्यार नेवची नाय,” ती म्हणाली. “होडी गेली तर माणूस जाता, पण घर उघडूक कोणतरी व्हयो. तुजो बापूस इसरायचो. चावी कमरेक लावन तसोच होडयेत चडायचो. मगे तू दर्याकडेक उबी रवान वरडायचंस. एवढीशी होतंस. ‘बाबा, चावी! चावी! चावी!’ तसो तो हसायचो नि होडयेतसून टाकायचो. तू उचलून माका आणून दियायचंस.”

“आणि... त्या दिवशी?”

“त्या दिसाक पण वरडलंस. त्या दिसाक पण टाकल्यान.” तिने माझ्या हातातल्या जुडग्याकडे बोट केलं. “तीच ही. तुज्या हातातसून मी घेतलंय, ती आजपावत कमरेर.”

कालव्यात पंपाचं पाणी पडत होतं. मी विचारलं, “आत्या, तुला वाटलं, तू बुडत होतीस आणि मी... मी घराची चावी मागत होते?”

“होय.”

“आणि तू दिलीस.”

“दिवची नाय?” तिला माझाच राग आला. “माजां चेडू बरोबर मागता, असां वाटला माका. मी काय वाचत नाय, ह्यां तेका कळला, नि चावी पाण्यात जावची नाय, ह्यां पण कळला. बरां वाटला माका. मगे भिया गेला.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला खोबऱ्याचा आणि डिझेलचा वास येत होता. तिने माझ्या केसांतून हात फिरवला नाही, तसलं तिला येत नसे. ती फक्त तेवढा वेळ हलली नाही.

निनाद वर आला. पाणी उपसलं गेलंय, तळ गळत नाहीये, म्हणाला. हे आणि पुढची दोन कुलपं उतरून खालच्या गावात थांबू, इथे नको. आत्या उठली आणि आम्ही हात द्यायच्या आत बोटीच्या मागच्या टोकाकडे चालायला लागली.

“आत्या, तू माझ्याबरोबर काठाने चल. हळूहळू जाऊ. नाहीतर गाडी बोलावते.”

“ह्या गुडघ्यान मी एवढां चलतंय होय! माका काय होता? मी होडयेत बसतंय.”

“बरं, मग मी पण तुझ्याजवळ बसते.” मी डेकवर पाय ठेवायला गेले, तशी तिने हात आडवा केला.

“चावी घेवन होडयेत येव नको.”

“मग चावी तू घे!”

“आता कशी घेव? होडी घराक लागापावत, जेच्या हातात, तेच्याच हातात.” आणि मग जरा मऊ आवाजात, “तू आपली काठान ये. भियां नको. मी भियाक नाय.”

तिची मुळीच थट्टा चाललेली नव्हती. निनाद माझ्याकडे बघत होता, त्याला अर्धं समजलं होतं, अर्धं नाही. त्याने बोट सोडली. ती तिन्ही कुलपं आम्ही कशी उतरवली, झडपा मी आणि सुकाणू त्याने, प्रत्येक वेळी पांढरी रेघ कितीदा तपासली, हे सांगण्यात काही हशील नाही. पुढचा सगळा कालवा सपाट होता, कमरेएवढ्या पाण्याचा, ज्यात बुडायचं ठरवलं तरी बुडता येत नाही. बोट माझ्याहूनही सावकाश चालली होती. मी काठाच्या वाटेने, जुडगा मुठीत घट्ट धरून, तिच्या बरोबरीने चालत होते, आणि आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. एक क्षणही मला बोटीवरून नजर काढवेना.

आत्या मागच्या डेकवर, निनादच्या पायाशी स्टुलावर बसली होती, मांडीवर फुटक्या नारळाची दुसरी वाटी घेऊन. मधूनमधून ती मान वळवून काठाकडे बघायची. माझ्याकडे नाही, माझ्या मुठीकडे.